गुल्हाने मास्तरांचं नाक

तुमच्या घरातल्या माणसांच्या तोंडाला कसला वास येतो, हे तुम्हाला माहीत आहे का?

रागावू नका. शेजारधर्मावर, कुटुंबधर्मावर आपण सगळेच भाषणं ठोकतो. मीही ठोकली आहेत, वर पत्रकं छापून बाजारात वाटली आहेत. पण हा प्रश्न मला कुणी विचारला असता, तर त्याला मी वेडा म्हटलं असतं. खरं सांगायचं तर म्हटलंच होतं, आणि तेही लेखी.

ज्यांना म्हटलं ते पुंडलीकराव गुल्हाने मास्तर. वाशीमला आमच्या शाळेत ते सायन्स शिकवत आणि मी खालच्या वर्गांना मराठी. आमची घरं समोरासमोर. मास्तर उंच, वाकलेले, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीखाली नाक. मधे चेहरा होता, पण तो कुणाच्या लक्षात राहत नसे. त्या नाकावर पुढे माझ्या धाकट्या बहिणीचा जीव अडकणार होता. तेव्हा मला ते नुसतं हास्यास्पद वाटे.

सकाळी मास्तर तांब्या घेऊन निघाले की रस्ता रिकामा व्हायचा. जो सापडला त्याच्या खांद्यावर हात पडे.

"थांबा भाऊ. हा करा."

"मास्तर, घाई हाय."

"हा कराले किती वेळ लागते? हाऽऽ!"

माणूस नाइलाजाने 'हा' करी. मास्तर डोळे मिटून नाक पुढे आणत, दोनदा हुंगत, आणि निकाल देत. "रात्री जेवले. वांग्याची भाजी. पास." किंवा, "जेवले नाई. बायकोसंग भांडन झालं का?" आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा भांडण झालेलं असे.

एकादशीला तर कहर. देवळाच्या पायरीशी ते उभे राहत. आमच्या आळीतले एक देशमुख निर्जळी उपासाबद्दल प्रसिद्ध. मास्तरांनी त्यांना 'हा' करायला लावलं, दोनदा हुंगलं आणि फार प्रेमानं म्हणाले, "देशमुख, शिऱ्यात केळं घातलं होतं काय?" त्यानंतर देशमुख एकादशीला मागच्या दारानं देवळात जाऊ लागले.

या हुंगण्यामागे शास्त्र होतं, असं मास्तरांचं म्हणणं. ते शास्त्र ते शाळेत, पारावर, न्हाव्याच्या दुकानात, कुठेही सांगत. मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला ते झोपेतही म्हणता येईल.

"हे पाहा. बाजाराले सोळा बैल चालले. एकामागं एक, दाव्यानं बांधलेले. तशी चरबी. लांब माळ. आता मानूस उपाशी राह्यला, तर शरीर काय करते? पुरी माळ चुलीत घालते काय? नाई. एक-एक बैल सोडते काय? नाई! दोन-दोन सोडते. सोळाचे चौदा, चौदाचे बारा. जोडीजोडीनं. सुटली जोडी, की लागली कामाले."

"मग जास्त खाल्लं तर?" कुणीतरी मुद्दाम विचारी.

"तर उलटं. जोडीले जोडी, जोडीले जोडी. तुमी भाकर खाल्ली, साखर खाल्ली, तरी उरलेल्याची माळच बांधून ठेवते. तुमच्या पोटावर ते काय हाय, पाटील? बैलबाजार हाय तो."

जर्मनीत कुणा शास्त्रज्ञानं हे कुत्र्यांवर पडताळलं होतं, ही मास्तरांची आवडती कथा. त्यानं म्हणे माळेतल्या शेवटच्या बैलाच्या गळ्यात घंटा बांधली, म्हणजे शरीराला मोडता येणार नाही असं काहीतरी चरबीच्या टोकाला जोडलं, ती कुत्र्यांना खाऊ घातली आणि मग त्यांचं मूत तपासत बसला. "घंटेसंग कधी एक बैल उरला, कधी दोन. तीन कधीच नाई! म्हंजे सोडनारा दोन-दोननंच सोडून राह्यला. काय डोकं असन त्या मानसाचं!" आमच्या आळीतल्या कुत्र्यांवर हा प्रयोग करायची त्यांची फार इच्छा होती. कुत्र्यांनी सहकार्य केलं नाही.

या दोन-दोनच्या नादानं त्यांचं सगळं आयुष्य सम झालेलं होतं. भाकरी दोन किंवा चार, तीन कधी नाही. पायऱ्या दोन-दोन चढत. एक पेरू कुणी दिला तर हातात घेऊन अस्वस्थ उभे राहत. वर्गात सत्तावीस पोरं होती, तर हजेरी घेताना शेवटी स्वतःचं नाव पुकारून "हजर" म्हणत आणि अठ्ठावीस करत. स्वतः मात्र एकटे राहत. कुणी कधी त्याबद्दल विचारलं नाही. विक्षिप्त माणसाला घरदार असेल, असं आपल्याला वाटतच नाही.

आणि नाक? नाक त्यांनी कमावलेलं होतं. बशीरभाई अत्तरवाल्याकडे ते तीन पावसाळे रोज बसले. डोळे बांधून बाटल्या ओळखायच्या. बशीरभाई सांगत, "मास्टरसाब को मैंने खस सिखाया, केवडा सिखाया, हिना सिखाया. और ये आदमी क्या सूँघने निकला? लोगों का मुँह! तौबा!"

मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "उपाशी मानसाच्या तोंडाले पिकल्या फळाचा वास येते, बशीरभाई. चरबी जोरात जळून राह्यली, अन् संग धान्याचा जाळ नाई, तर जोड्या अर्धवट जळतात. त्याचा तो धूर. हे नाकाले कळलं पाहिजे."

आता माझ्याबद्दल चार ओळी. मी पत्रकांवर वाढलो. अनसिंगला आमच्या घरी पोथ्या होत्या. मी त्यांच्यात पत्रकं लपवून वाचायचो. सार्वजनिक विहिरी, बालविवाह, विलायती कापड, भोंदू वैदू, कुठलीही चूक दिसली की मी सायंकाळपर्यंत तिच्यावर पत्रक लिहून मोकळा. तेव्हा मास्तरांचं हे रस्त्यावरचं हुंगणं माझ्या तावडीतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यातून एके दिवशी त्यांनी नदीवरून येणाऱ्या दोन बायांना थांबवलं. मी पेटलो.

पत्रकाचं नाव होतं 'नाकाची दादागिरी'. त्यात मी विचारलं होतं: शरीरात चरबी जळत असेल तर तोंडातून धूर का निघत नाही? हे शास्त्र नव्हे, हे नव्या कपड्यातलं ज्योतिष आहे. स्त्रियांना रस्त्यात अडवणाऱ्या या प्रकारावर नागरिकांनी बहिष्कार घालावा.

छापण्यापूर्वी हस्तलिखित मी मास्तरांनाच नेऊन दाखवलं. लपून वार करायचा नाही, हे माझं तत्त्व. मास्तरांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल काढली आणि पत्रक तपासलं, जसे निबंध तपासतात.

"'ज्योतिष'मंदी ज ले य जोडा. सुटला. अन् धूर निघत नाई हे चूक हाय. निघते ना! तोच तर मी हुंगतो. हे वाक्य बदला, नाईतर लोक तुमाले हसतील." मग ते पुन्हा वाचू लागले आणि पेन्सिल थांबली. "बायांचं लिवलं ते मात्र बरोबर हाय. माह्यं चुकलं. कोनालेच असं रस्त्यात अडवू नाई."

"मग थांबवा हे."

"थांबवतो. लिवून देतो."

आणि त्यांनी खरंच माझ्या पत्रकाच्या मागे लिहून दिलं: यापुढे मी कोणाच्याही तोंडाचा वास घेणार नाही. खाली दोनदा सही केली.

माझ्या सगळ्या पत्रकांतलं हे एकच यशस्वी झालं, आणि तेही छापायच्या आधी. पुढचे दीड-दोन महिने मास्तर रस्त्यानं नाकावर उपरणं धरून चालत. कुणी समोर आलं की मान वळवत. बशीरभाईंनी त्यांना खसाचा फाया दिला. "नाक उपाशी हाय," एवढंच मास्तर म्हणत. देशमुख पुन्हा पुढच्या दारानं देवळात जाऊ लागले. मी विजयी होतो, पण आळी जरा सुनी झाली होती, हे कबूल करतो.

त्याच दिवसांत माझी माय आणि मैना अनसिंगहून बालाजीच्या दर्शनाला आल्या. मैना माझी धाकटी बहीण, सोळा वर्षांची. चांगला नवरा मिळावा म्हणून मायनं तिला सोळा सोमवार धरायला लावले होते आणि अकरा झाले होते. पोर गाडीतून उतरली तेव्हा मी ओळखलीच नाही. गालाची हाडं वर आलेली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"कशी झाली ही?" मी ओरडलो.

"उपासाचं तेज हाय ते," माय म्हणाली. "देव पावला माह्या लेकीले."

"तेज? हे तेज? माये, हे उपास पोरीचा जीव घेतील!"

"तू नको बोलू. तुह्यं सगळं कागदावर."

मी त्याच दुपारी 'सोळा सोमवार की सोळा वार?' या पत्रकाला सुरुवात केली. माय म्हणत होती देवाची कृपा, मी म्हणत होतो देवाची पीडा. दोघंही ठणकावून बोलत होतो. मैना दोघांच्या मधे बसून पाणी पीत होती. एक तांब्या, मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपास नाही. मायनं मास्तरांना जेवायला बोलावलं, कारण समोरचा माणूस एकटा हात भाजतो हे तिला एका दिवसात दिसलं. मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. मैना जेवायला बसली आणि तिनं चार भाकरी खाल्ल्या. डाळ, वांगी, ठेचा, वर पुन्हा अर्धी भाकर. मला आनंद झाला. मास्तरांनी मात्र त्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं आणि मग त्यांचं जेवण थांबलं.

त्यांच्या नाकावर उपरणं नव्हतं. जेवताना कुणी उपरणं धरत नाही.

"माय," ते माझ्या आईला म्हणाले, "घरात केळी हायत काय? पिकलेली?"

"नाई बापा. काहून?"

"पेरू? सीताफळ?"

"काईच नाई."

मास्तर उठले. हात न धुता मैनेसमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज अगदी हलका झाला होता. "ताई, हा करा."

मी ताडकन उभा राहिलो. "मास्तर! तुम्ही लिहून दिलं आहे!"

"फाडून टाका ते."

"माझ्या बहिणीला माझ्या घरात..."

"अरे, फाड म्हनलं ना!" मास्तर माझ्यावर ओरडले. आळीत कुणीही त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "ताई, तुमी सांगा. हुंगू का? तुमी नाई म्हनलं तर उठतो."

मैनेनं माझ्याकडे पाहिलं नाही, मायकडेही नाही. तिनं 'हा' केलं.

मास्तरांनी दोनदा हुंगलं. मग तिसऱ्यांदा हुंगलं. तिसऱ्यांदा! मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

"रात्री उठून पानी पेता काय?"

"हाव. चार-पाच खेप."

"अन् तेवढ्याच खेपा भायेर जाता."

तिनं लाजून मान हलवली.

"उपासाचं नाई हे," मास्तर म्हणाले, "अन् देवाचंबी नाई. पोटभर जेवलेल्या मानसाच्या तोंडाले उपाशी मानसाचा वास येऊन राह्यला."

शाळेची किल्ली त्यांच्याकडेच होती. आम्ही मैनेची लघवी एका बाटलीत घेऊन गेलो. मास्तरांनी परीक्षानळीत प्रयोगशाळेतलं निळं औषध घेतलं, चार थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग नळीत तळापर्यंत भाजलेल्या विटेचा लाल रंग उतरला.

"साखर," ते म्हणाले. "मधुमेह. असं समजा, घरात ज्वारीची पेवं भरलेली हायत, पन पेवाचं झाकन उघडतच नाई. तर चूल पेटती ठेवाले शरीर घराचे वासे काढून जाळून राह्यलं. सगळे बैल एकदमच सोडून राह्यलं. धूर भायेर पडते, तो आपल्याले वास येते. वासे किती दिवस पुरतील?"

"उपाय?"

"झाकन उघडनारं औषध हाय आता. इन्सुलिन. अकोल्याले भेटते. उद्याची पहिली मोटार धरा."

माय देवासमोर बसून होती. बारावा सोमवार उद्याच होता आणि व्रत मोडलं तर काय, या काळजीनं ती अर्धी झाली होती. मी तोंड उघडणार, इतक्यात मास्तर बोलले. "माय, अकरावर सोडू नका, विषम होते. बारावा करा. पन डॉक्टर जे म्हनन ते खाऊन करा. देवाले जोडी पुरी झाल्याशी मतलब." मायनं थोडा विचार केला आणि पदराने डोळे पुसत गाठोडं बांधायला घेतलं. मी एवढी वर्षं पत्रकं लिहिली. एका माणसाचं मन एका वाक्यानं वळवता येतं, हे त्या दिवशी पाहिलं.

अकोल्याच्या दवाखान्यात मैना आठवडाभर होती. पहिले दोन दिवस डॉक्टर आमच्याशी फार बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, अजून चार दिवस उशीर झाला असता तर आणण्यात अर्थ नव्हता. कुणी ओळखलं? मी व्हरांड्यातल्या बाकाकडे बोट दाखवलं. मास्तर तिथे टोपी मांडीवर घेऊन बसले होते. शाळेतून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रजा काढली होती, अर्थात दोन-दोन दिवसांची, चारदा.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागायची होती. पत्रकात ती सहज लिहिता आली असती.

"तुम्हाला तिसऱ्यांदा का हुंगावं लागलं?" मी विचारलं.

मास्तरांनी टोपीची कड दाबली. "वास ओळखीचा होता म्हनून. माही बायको होती, यशोदा. लगन होऊन दोन वर्षं झाल्ती. लय जेवे, लय पानी पे, अन् दिवसेंदिवस बारीक होत गेली. तिच्या तोंडाले असाच वास ये. पिकल्या केळाचा." ते टोपीकडे बघत म्हणाले. "मले तो आवडे. मी तिले म्हनो, तुह्या तोंडात केळीची बाग हाय. तशी हसे."

समोर एक परिचारिका तांबड्या फरशीवरून गेली. मास्तरांनी तिला जाऊ दिलं.

"यशोदा गेल्यावर सहा वर्षांनी एका पुस्तकात वाचलं, तो वास कायचा असते ते. तवा चरबीवरचं जे भेटलं ते समदं वाचलं. मंग बशीरभाईकडं जाऊन बसलो. तो वास इसरू नाई म्हनून."

"पण मास्तर, तेव्हा औषधच नव्हतं. कळलं असतं तरी..."

"हाव. काईच करता आलं नसतं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "पन आपल्या मानसाचं आतून काय जळून राह्यलं, हे आपल्याले कळाले पाहिजे होतं ना, भाऊ."

आता मैना माझ्याकडे वाशीमलाच असते. सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागते, म्हणजे दिवसाला दोन, त्यामुळे मास्तर या औषधावर फारच खूश आहेत. सुई तेच उकळतात. औषधाची बाटली कोऱ्या मडक्यात, ओल्या फडक्यात, त्यांच्याच ओसरीवर. अकोल्याच्या मोटारीचा ड्रायव्हर नवी बाटली घेऊन येतो, आणि मास्तर त्याला बक्षीस म्हणून 'हा' करायला लावतात. विचारून. मैनेच्या गालावर मांस आलं आहे. मास्तर म्हणतात, जोड्या बांधल्या जाऊन राह्यल्या.

माझं ते न छापलेलं पत्रक पुढे त्यांनीच फाडू दिलं नाही. मागची सही खोडून त्यांनी लिहिलं आहे: विचारल्याशिवाय घेणार नाही. मला हा बदल मान्य आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मैना सकाळी सुईसाठी समोर गेली. मी दारातून पाहत होतो. मास्तर सुई उकळत होते. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, आज तुमी हा करा."

मास्तर गोंधळले. एवढ्या वर्षांत सगळ्या गावाचा 'हा' घेतलेला माणूस. त्याचा 'हा' कुणी मागितलाच नव्हता. त्यांनी हातानं तोंड झाकलं. मग टोपी सारखी केली, डोळे मिटले, आणि पहिलीतल्या पोरासारखं 'हाऽऽ' केलं.

मैनेनं दोनदा हुंगलं.

"रात्री जेवले नाई तुमी."

"भूक नव्हती, ताई."

"परवाबी जेवले नव्हते. नापास."

मास्तरांचं नाक लाल झालं. मैना घरात आली, तव्यावरच्या दोन भाकऱ्या घेतल्या, आणखी दोन घेतल्या आणि रस्ता ओलांडून गेली. तेव्हापासून रात्रीचं त्यांचं ताट आमच्याकडे असतं.

वाचकहो, मी तुमच्याकडे आजवर पुष्कळ मागण्या केल्या. परदेशी कापड टाका, विहिरी खुल्या करा. त्या सगळ्या कायम आहेत. आज एक लहानशी वाढवतो. हा कागद खाली ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारून 'हा' करायला सांगा. जेवूनखाऊन वाळत चाललेल्या, पाणी पिऊन तहान न भागणाऱ्या माणसाच्या श्वासाला पिकल्या फळाचा वास आला, तर देवऋषी नको, माझ्यासारख्याचं भाषण नको. पहिली मोटार धरून दवाखाना गाठा. आणि मग, समोरच्या घरात कुणी एकटं राहत असेल, तर तेवढा रस्ता ओलांडून त्यांनाही 'हा' करायला सांगा. जाताना भाकरी घेऊन जा. दोन.